लवणासुराच्या बिळाचे झाकण

बुलढाणा जिल्ह्यात माणसाची ओळख विचारताना एक प्रश्न हमखास येतो: तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याला आडवी कापत जाते. मलकापूर, नांदुरा, मोताळा हा पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा मुलूख घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे पठार घाटावर. मोताळा तालुक्यातले रोहिणखेड या रांगेच्या पायथ्याला टेकून बसले आहे. खानदेशातून वऱ्हाडात येणाऱ्याला डोंगर चढायचा तर याच बाजूने यावे लागे. त्यामुळे या लहानशा गावाच्या वाट्याला दोन मोठ्या लढाया आल्या.

पहिली १४३७ सालची. बहमनी सुलतानाला दिलेल्या आपल्या मुलीची तिथे आबाळ होते, या रागाने खानदेशचा नसीरखान फारुकी वऱ्हाडावर चालून आला आणि रोहिणखेडला बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जारने त्याला पिटाळून लावले. दुसरी १५९१ सालची, निजामशाहीच्या गादीसाठीची. अकबराच्या आश्रयाला राहून परतलेला दुसरा बुऱ्हाण निजामशहा एका बाजूला आणि त्याच्याच अल्पवयीन मुलाला तख्तावर बसवून कारभार हाकणारा जमालखान महदवी दुसऱ्या बाजूला. जमालखान या लढाईत मारला गेला. त्याच महदवी पंथाच्या खुदावंदखानाने १५८२ साली बांधलेली मशीद रोहिणखेडमध्ये आहे.

बुऱ्हाणने गादी मिळवली, पण चारच वर्षांत तो वारला. वारसांची भांडणे पेटली, मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला आणि १५९६ मध्ये चांदबिबीने तह करून वऱ्हाड अकबराला देऊन टाकले. नवा सुभा हाती आला म्हटल्यावर त्याची मोजदाद आली. किती परगणे, किती महसूल, कुठे काय पिकते, कुठे कोणता देव. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाडाचे प्रकरण आले ते असे, आणि त्या प्रकरणात मेहकरच्या सरकाराखाली, म्हणजे महसुली विभागाखाली, एक विलक्षण नोंद सापडते.

नोंद आहे लोणारची. अबुल फजल सांगतो की हे फार पवित्र ठिकाण असून ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात. पितरांच्या उद्धारासाठी गया तीन. बिहारातली ब्रह्मदेवाची, दुसरी रुद्राची आणि तिसरी ही. इथे उंच डोंगरांनी वेढलेला, कोसभर लांब आणि कोसभर रुंद असा एक जलाशय आहे. पाणी खारट, पण मध्यातले किंवा कडेचे घेतले तर गोड. त्यात काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो, सोराही निघतो आणि सरकारला त्याचा चांगला महसूल येतो. वर डोंगरावर एक झरा आहे, त्याच्या तोंडाशी बैल कोरलेला आहे. त्याचे पाणी एरवी खालच्या तळ्यात उतरत नाही. सोमवारी अमावास्या आली की मात्र उतरते.

दरबारी माणसाची नजर कशी असते ते या उताऱ्यात दिसते. तीर्थमाहात्म्य आणि महसूल एकाच दमात. त्यातली सोमवतीची गोष्ट त्याला कुणा स्थानिकाने सांगितली असणार आणि त्याने ती हिशेबाइतक्याच गंभीरपणे उतरवून घेतली. पण या सगळ्यात दोन शब्द अडकवून ठेवतात: उंच डोंगर. कारण लोणारला बाहेरून येणाऱ्याला डोंगर दिसतच नाही. मेहकरकडून यावे तर सपाट शेते, सोयाबीन, तूर, कापूस, मग गाव, मग थोडासा चढ. आणि चढ संपतो तिथे जमीनच संपते. खाली दीडशे मीटर खोल, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची गोल दरी. तळाशी हिरवट पाण्याचे वर्तुळ आणि भोवती दाट झाडी. डोंगर दिसतो तो काठावरून नव्हे, तळाशी उतरून मान वर केल्यावर. अबुल फजलला माहिती देणारा माणूस तळाशी उभा राहून बोलत होता म्हणायचे.

ही दरी कोणी केली, याचे उत्तर लोणारच्या माणसाकडे शेकडो वर्षे तयार होते. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या बिळात राहत असे. वर येऊन गावे उजाड करायची, यज्ञ मोडायचे आणि पुन्हा बिळात दडी मारायची, हा त्याचा उद्योग. शेवटी त्याने देवांनाच आव्हान दिले. देव विष्णूकडे गेले. अडचण एकच होती, बिळाचे तोंड कुणालाच सापडत नव्हते. मग विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले आणि लवणासुराच्या दोन बहिणींना भुरळ घातली. घरचा भेद घरच्यांनीच फोडला. बहिणींनी जागा दाखवली, विष्णूने पायाच्या अंगठ्याने बिळावरचे झाकण उडवले, आत दैत्य झोपलेला होता. झुंज झाली, दैत्य मेला आणि देवाला दैत्यसूदन हे नाव मिळाले. तळ्यातले पाणी हे लवणासुराचे रक्त, त्यातला खार म्हणजे त्याचे कुजलेले मांस. आणि झाकण? ते उडून नैर्ऋत्येला कित्येक मैलांवर पडले; तिकडची एक टेकडी दाखवून लोक सांगत, की उचलून आणली तर या खड्ड्यावर बरोबर बसेल.

रामायण वाचलेल्यांना इथे खटकेल. तिथला लवणासुर मथुरेकडचा, मधूचा मुलगा, आणि त्याला मारतो शत्रुघ्न. लोणारच्या कथेला त्याच्याशी काही देणेघेणे नाही. तिला खाऱ्या पाण्याचा दैत्य हवा होता, तो तिने आपल्या मातीतून उभा केला. शेजारच्या मेहकरनेही तेच केले. तिथे मेघंकर नावाचा दैत्य होता आणि त्याला शार्ङ्गधर रूपातल्या विष्णूने मारले, अशी कथा सांगतात. त्याच मेहकरला १८८८ मध्ये जमिनीतून काळ्या पाषाणाची, पुरुषभर उंचीहूनही मोठी अतिशय सुबक विष्णुमूर्ती निघाली. इंग्रज ती विलायतेला नेतील या धास्तीने गावकऱ्यांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठापना केली असे सांगतात. आज ती शार्ङ्गधर बालाजी म्हणून वऱ्हाडात सर्वांच्या परिचयाची आहे. जवळजवळच्या दोन गावांत दोन दैत्य आणि दोन्ही विष्णूच्या हातून मेलेले. शंकराची हेमाडपंती देवळे पावलापावलावर असलेल्या या मुलखात वैष्णवांनी आपली ठाणी कशी उभी केली असतील, याचा थोडा अंदाज त्यातून बांधता येतो.

लवणासुराच्या वधाचे स्मारक लोणार गावात उभे आहे. दैत्यसूदनाचे मंदिर बारा-तेराव्या शतकाच्या सुमाराचे. कुणी ते उत्तर चालुक्यांच्या काळाशी जोडतात, कुणी यादवांच्या. लांबी सुमारे ३२ मीटर, रुंदी सुमारे २६ मीटर, आणि तळ सरळ चौकोनी नाही. भिंत सतत कोन काढत, आतबाहेर वळत जाते, त्यामुळे वरून पाहिले तर ओबडधोबड चांदणीचा आकार दिसेल. या कोनांमुळे उन्हाला खेळायला जागा मिळते. सकाळी एका पट्टीवरच्या सुरसुंदरी उजळतात तेव्हा शेजारची पट्टी सावलीत असते, दुपारनंतर उलट. बाहेरच्या भिंतीवर देवदेवता, नर्तकी, मिथुनशिल्पे अशी दाटी आहे. अनेकांचे चेहरे फोडलेले, हात तुटलेले. तरी कमरेची वळणे आणि दागिन्यांची घडण काळ्या बेसाल्टात अजून स्पष्ट आहे. बेसाल्ट हा कोरणाऱ्याची परीक्षा पाहणारा दगड. वालुकाश्मासारखा तो छिन्नीला वश होत नाही.

मागच्या भिंतीच्या देवकोष्ठात सूर्याची मूर्ती आहे, म्हणून काही अभ्यासक हे मुळात सूर्यमंदिर असावे असे मानतात. शिखर नाही. माथा पाहिला तर पिरॅमिडसारखे काही चढवायचे ठरले असावे आणि काम मध्येच थांबले असावे असे वाटते. आत गेल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही. मग छतावर टॉर्चचा झोत टाकला की दैत्याशी झुंजणारा देव आणि कृष्णकथेतले प्रसंग एकेक करून वर येतात. मान दुखेपर्यंत बघावे असे हे छत आहे. घाईघाईने गाभाऱ्याकडे जाणारे ते चुकवतात. गाभाऱ्यातल्या मूर्तीच्या पायाखाली लवणासुर आडवा पडला आहे. मूळ मूर्ती हरवल्यावर ही नागपूरकर भोसल्यांनी बसवली असे सांगतात. दगड असा की धातूच वाटावा.

मंदिरापासून विवराच्या काठाला गेले की धार नावाचे ठिकाण लागते. गोमुखातून पडणारे हे पाणी म्हणजे अबुल फजलचा बैल कोरलेला झरा. भोवती जुने दगडी कुंड, ओवऱ्या, लहान देवळे. इथे आंघोळ करून लोक पुढे उतरतात. खाली झाडीतून वाट जाते. वेड्या बाभळी, मोर, माकडे आणि मधूनच एखादे पडके शिवमंदिर, मुळांनी दगड सैल केलेले. काठावर आणि आत मिळून अशी पंधराच्या आसपास देवळे आहेत. पाण्याजवळ पोचताना नाकाला आधी कळते. कुजलेल्या अंड्यासारखा तो वास गंधकाच्या वायूचा. लवणासुराचे मांस कुजले, हे ज्याने पहिल्यांदा म्हटले त्याच्याकडे पुरावा होता.

काठाशी कमळजा देवीचे मंदिर. नवरात्रात इथे मोठी यात्रा भरते, घाटावरच्या अनेक घराण्यांची ती कुलदेवी. तिच्या जवळच सासू-सुनेची विहीर आहे. एकाच विहिरीत एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारट, असे म्हणतात; गोड कोण आणि खारट कोण हे सांगणारा सासरचा की माहेरचा यावर अवलंबून. विहिरीमागचे कारण मात्र साधे आहे. विवराच्या भिंतीतून गोड्या पाण्याचे झरे तळ्याकडे उतरतात. जिथे ते खाऱ्या पाण्याला भेटतात तिथे दोन्ही चवी शेजारी शेजारी मिळतात. ‘कडेचे पाणी गोड’ ही ‘आईन’मधली नोंद खरी आहे.

पाणी खारे का, याचेही उत्तर विवराच्या आकारातच आहे. पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. झरे आणि पाऊस बेसाल्ट झिजवत त्यातला सोडियम आणि कार्बोनेट खाली आणतात, ऊन पाणी उडवून नेते, खार मागे राहतो. हजारो वर्षे हेच चालल्यावर पाण्याचा सामू दहाच्या आसपास गेला. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर पांढरी कवचे उरत आणि ती गोळा करून विकली जात. जुन्या नोंदींत या खाराचे प्रकार नावानिशी दिले आहेत: डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. बांगड्यांची काच, साबण, कापड रंगवणे, पापडखार. प्रत्येकाला वेगळा माल. दैत्याच्या मांसाची इतकी बारीक प्रतवारी लावणारा बाजार दुसरीकडे कुठे भरला नसेल.

झाकण कशाने उडाले, हे कोडे मात्र विद्वानांना बराच काळ सोडवता आले नाही. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराचे वर्णन केले. भोवती सगळा दख्खनचा लाव्हा, मग हा खड्डाही ज्वालामुखीचाच, असे धरून चालले. १८९६ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टने ॲरिझोनातल्या प्रसिद्ध विवराची चर्चा करताना त्याच्याशी साम्य म्हणून लोणारकडे बोट दाखवले, पण दोन्ही वाफेच्या स्फोटाने झाली असावीत असे त्याचे मत पडले. ॲरिझोनाचे विवर उल्कापाताचे हे नंतर सिद्ध झाले आणि लोणारही त्याच वाटेने जाणार हे दिसू लागले. ज्वालामुखीच्या मताची अडचण अशी की दख्खनचे लाव्हे थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे झाली आणि लोणारचा खड्डा तर कोवळा, कडा अजून धारदार. मेलेल्या ज्वालामुखीला इतक्या उशिरा जाग यावी कशी?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तळ्यात भोके पाडून नमुने काढले. वर सुमारे शंभर मीटर गाळ, त्याखाली चुरडलेला बेसाल्ट आणि त्यात मास्केलिनाइट. हा काचेसारखा पदार्थ ज्वालामुखीत तयार होत नाही. फेल्डस्पार नावाच्या खनिजाला कल्पनेपलीकडचा धक्का बसला, तर ते वितळायच्या आधीच स्फटिकरचना हरवते आणि काच बनते. तसा धक्का देतो आकाशातून आलेला दगड. १९७३ मध्ये हे निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि वाद बहुतांशी मिटला.

या मास्केलिनाइटची एक गंमत आहे. हा पदार्थ सर्वप्रथम ओळखला गेला तो १८६५ मध्ये बिहारात शेरघाटीला पडलेल्या एका उल्केत. १८७२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि पुढे कळले की तो दगड मंगळावरून आलेला होता. शेरघाटी गया जिल्ह्यात आहे. लोणारला तिसरी गया म्हणणाऱ्यांना याचा पत्ता असणे शक्य नव्हते.

एवढे कळल्यावर पुन्हा लवणासुराच्या कथेकडे पाहावे. खड्डा खालून फुटला नाही, वरून आलेल्या आघाताने उघडला. आघात एकच, क्षणाचा. जमिनीचा वरचा थर उडून बाहेर फेकला गेला. ही तिन्ही विधाने भूवैज्ञानिकांची आहेत आणि तिन्ही अंगठ्याच्या एका धक्क्यात येतात. झाकण मैलोगणती लांब जाऊन अखंड पडले नाही, एवढाच फरक. ते चुरा होऊन आजूबाजूला सांडले. काठाच्या बाहेर एक-सव्वा किलोमीटरपर्यंत त्याचा थर सापडतो, आणि काठावर साचलेल्या ढिगाने सभोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच कडे उभे केले. गावाकडून येताना लागणारा तो थोडासा चढ म्हणजे त्या झाकणाचेच तुकडे आहेत. खड्ड्यातला माल गेला कुठे, हा प्रश्न कथाकाराला पडला असावा आणि त्याने बाहेर फेकलेला माल शोधला. उल्कापात पाहिलेल्या माणसांच्या आठवणीतून ही कथा आली, असे काही उत्साही मंडळी म्हणतात. तसे मानायला आधार नाही. एका पद्धतीने विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे निघते, तर २०१० च्या सुमारास आर्गॉन पद्धतीने केलेल्या मोजणीत ते ५ लाख ७० हजार वर्षे आले. एवढी जुनी आठवण कुठली गोष्ट टिकवत नाही. कुणीतरी जागा नीट पाहिली, एवढे श्रेय कथेला पुरेसे आहे.

तळ्याच्या काठच्या काळ्या वाळूत चुंबक फिरवला की बारीक कण त्याला चिकटून येतात. लोणारची शाळकरी मुले पाहुण्यांना हा प्रयोग हटकून दाखवतात. जवळच्या छोट्या अंबर तळ्याशी मोठा मारुती आहे, आडवा पहुडलेला. त्याचा दगड चुंबकीय आहे आणि तो उल्केचाच तुकडा, अशी श्रद्धा आहे. लोहयुक्त बेसाल्टही होकायंत्राची सुई हलवतो, त्यामुळे नुसत्या चुंबकाने हा खटला निकालात निघणार नाही. पण बघा, जुन्या कथेला आता उल्केचे नवे प्रकरण जोडले गेले आहे. लोककथा बंद पडत नाहीत, त्या नवी माहिती खातात.

जून २०२० मध्ये तळे गुलाबी झाले, तेव्हा गावात दैत्याच्या रक्ताची आठवण निघाली नसती तरच नवल. त्या उन्हाळ्यात पाणी आटले, क्षार वाढले आणि खारात जगणारे सूक्ष्मजीव माजले. त्यांच्या अंगातल्या रंगद्रव्याने पाणी रंगले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले. पाऊस पडल्यावर रंग उतरला. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेले आणि महाराष्ट्रातले दुसरे रामसर स्थळ ठरले; पहिले नांदूर मधमेश्वर.

आता काळजी उलट्या बाजूची आहे. गेल्या काही वर्षांत तळ्याची पातळी वाढत चालली. चांगला पाऊस, झऱ्यांचा वाढलेला ओघ आणि वरच्या बाजूच्या शेतांतून आणि गावांतून झिरपणारे पाणी अशी कारणे सांगितली जातात. काठाशी उभ्या असलेल्या कमळजेच्या मंदिरापर्यंत पाणी आले आणि दर्शनाची वाट अवघड झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे लोणारचे जतन हा विषय अनेक वर्षे आहेच, त्यात या पाण्याची भर पडली. ज्या पाण्यात मासा जगत नाही असे पिढ्यानपिढ्या सांगितले गेले, तिथे मासे दिसल्याच्या बातम्याही २०२५ मध्ये आल्या. भाविकांना मंदिर कोरडे हवे, सूक्ष्मजीवांच्या अभ्यासकांना पाणी खारे हवे, आणि दोघांची मागणी प्रत्यक्षात एकच आहे: येणारे गोडे पाणी आवरा. ते आवरायचे तर आधी धारेसकट सगळ्या झऱ्यांचे पाणी मोसमामागून मोसम मोजत राहावे लागेल. अबुल फजलच्या माणसाला ते फक्त सोमवती अमावास्येला खाली उतरते असे सांगण्यात आले होते. आज ते बारा महिने उतरते.